उकळलेली झूल

वलगाव, जि. अमरावती
शनिवार, दि. १६ नोव्हेंबर २०२४, सकाळी सहा वाजून वीस मिनिटे

आदरणीय आचलताई,

सप्रेम नमस्कार. हे पत्र मी गोठ्यात उकिडवा बसून, आमची गाय हरणी माझ्या पाठीवर शेपटी आपटत असताना लिहीत आहे. म्हणून पहिली ओळ वाकडी आली. पुढच्या सरळ येतील.

'ताई' लिहिल्याचा राग मानू नये. तुम्ही माझ्या मोनालीवहिनींची धाकटी बहीण. दिवाळीत वहिनींनी तुमचं आणि माझं नाव एका वाक्यात घेतलं, तेव्हा तुमचे वडील शेषरावजी हातातली करंजी खाली ठेवून सगळ्यांसमोर काय म्हणाले, ते तुमच्या कानावर आलं असेलच. नसेल तर जसंच्या तसं लिहितो : "ज्याच्या गोठ्यात गाय टिकत नाही, त्याच्या घरी पोरगी काय टिकन? पुढच्या पोळ्याले येतो. तोवर ही हरणी धडधाकट राह्यली, तं बोलू." मग त्यांनी करंजी उचलली. म्हणजे नातं ठरलंही नाही आणि मोडलंही नाही. अशा नात्याला काय म्हणावं ते मला माहीत नाही. तूर्त ताई लिहितो.

त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. गेल्या वर्षी आमची मैना गोचीड तापाने गेली, तीही पौषात. पौषात गोचीड नसते असं बाबा म्हणतात. मैनाला हे कोणी सांगितलं नव्हतं.

वहिनी म्हणाल्या की तुम्ही अकोल्याला पशुसंवर्धनाची पदविका करता, आणि थंडीत गोचिडी किती उरतात हे पाहण्यासाठी तुम्हाला गावोगावच्या गोचिडी दर महिन्याला हव्या आहेत. मी पाठवीन. साक्षगंध झाल्याशिवाय मुलीशी फोनवर बोलायचं नाही, ही शेषरावजींची ताकीद आहे. टपालाबद्दल ते काही बोललेले नाहीत.

सोबत काडेपेटीत अकरा गोचिडी आहेत. प्रवासात गुदमरू नयेत म्हणून टाचणीने भोकं पाडली आहेत. खर्च लिहून ठेवा, कॉलेजकडून मिळतो, असा तुमचा निरोप होता. ठेवतो.

आपला,
विपुल

ता. क. मी बारावीत गणितात अडकलो. शुद्धलेखनात नाही.


अकोला
२५ नोव्हेंबर २०२४

विपुलजी,

काडेपेटी भेटली. आत गोचिडी चार. बाकीच्या सात मुलींच्या वसतिगृहात कोठीतरी सुखात हायेत.

एक आमच्या वॉर्डन बेबीताईंच्या शालीवर निघाली. त्यांनी किंचाळून साऱ्या मजल्याच्या गाद्या गच्चीवर टाकायले लावल्या. "हे कोणाकडून आलं?" म्हणे. मी म्हटलं, "पाहुण्यांकडून." त्या म्हणे, "असे कसे पाहुणे तुमचे?" आता काय सांगू? भोकं पाडली तुमी! अकरा गोचिडींच्या जिवाची काळजी केली, माह्या जिवाची कोणी करायची?

आता नीट वाचा. गोचीड चिमट्यानं धरायची, अगदी कातडीजवळ, अन् सरळ ओढायची. पिळायची नाही, नखानं चिरडायची नाही. रॉकेल लावायचं नाही, बिडीचा चटका द्यायचा नाही. तुमच्याकडे सारे हेच करतात, मले माहीत हाय, आमच्याकडेही करतात. चटका बसला की ते पोटातलं सारं जनावराच्या अंगात ओकते, अन् रोग तिथूनच जाते. काढली की स्पिरिटच्या बाटलीत टाका, झाकण पक्कं लावा, चिठ्ठी चिकटवा. मेलेली पाठवा. हात साबणानं धुवा. माणसालेही चावते ते.

अन् ताई लिहू नका. काहून, ते मोनालीताईले विचारा.

आचल


वलगाव
रविवार, दि. १५ डिसेंबर २०२४, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे

आदरणीय आचल (ताई नाही),

सप्रेम नमस्कार. आत्ता मी बाटली उन्हात धरून गोचिडींचे पाय मोजत होतो.

काडेपेटीबद्दल माफी मागतो. बेबीताईंनाही माझी माफी कळवा, आणि शाल धुण्याचा खर्च काय आला तेही.

'ताई' का लिहू नये, हे वहिनींना विचारलं. त्या हसायला लागल्या आणि हसतच राहिल्या. वयाचा प्रश्न असेल असं धरून चालतो.

या बाटलीत एक गंभीर चूक झाली आहे, ती आधीच कबूल करतो. मोठ्या गोचिडींना आठ पाय आहेत, पण बऱ्याचशा बारीक, मोहरीहून लहान गोचिडींना सहाच पाय आहेत. मी चिमटा नेहमी हळू धरतो. तरी प्रत्येकीचे दोन-दोन पाय माझ्या हातून तुटले असावेत. ते मी गोठ्यात भिंगाने शोधले. सापडले नाहीत. प्रकल्पाचे गुण यामुळे कमी झाले तर मला कळवावं, लपवू नये.

बाबांनी, म्हणजे पुंजारामजींनी, हरणीला गोचिडीचं औषध लावणं दिवाळीपासून बंद केलं आहे. "दिवाळी झाली का गोचीड जाते. माह्या बापानं सांगतलं, त्याच्या बापानं त्याले सांगतलं." मी म्हटलं, बाबा, या बारीक दिसतात ना. ते म्हणाले, "ते मागच्या मोसमातल्या हायेत, निघाल्या असतीन जायले." बाबा स्वतः मार्गशीर्षात पंखा लावून झोपतात, पण गोचिडीने मात्र थंडीने मरावं असा त्यांचा आग्रह आहे.

हरणी खाते-पिते. मी तिचं अंग रोज तपासतो. त्यामुळे ती मला पाहिलं की शिंग दाखवते.

आपला,
विपुल


अकोला
२४ डिसेंबर २०२४

विपुलजी,

तुमचं पत्र मी प्रयोगशाळेत वाचलं अन् इतकी हसली का सरांनी मले बाहेर पाठवलं.

कोणाचे पाय तोडले नाहीत तुमी. गोचिडीच्या पिल्लाले सहाच पाय असतात. कात टाकली की आठ होतात. भिंग ठेवून द्या.

आता हसणं संपलं. पिल्लं हायेत म्हणजे अंडी फुटली. डिसेंबरात! पहिले थंडी पडे तं अंडी तशीच पडून राहत, फुटत नसत, बाकीच्या उपाशी मरत. तुमच्या आज्याचं त्याच्या काळी बरोबरच होतं. आता थंडी दोन दिवस येते, तोंड दाखवून जाते, वरून अवकाळी पाणी पडते. ऊब अन् ओल, गोचिडीले अजून काय पाहिजे? अकोट, तेल्हारा, साऱ्या बाटल्यांत मोठ्या गोचिडी उरल्या हायेत. पण पिल्लं सर्वात जास्त तुमच्या घरची.

माय गोचीड रक्त पिऊन खाली पडते अन् हजारांनी अंडी घालते. भिंतीच्या भेगा, गोवऱ्यांचा ढीग, पोते, कापड, जिथं कोणी हात लावत नाही तिथं. ते ठिकाण शोधा. अन् औषध आजच सुरू करा, बाबा काहीही म्हणोत. हरणीच्या कानामागं हात लावून पाहत जा. लघवीचा रंग पाहत जा.

अजून एक. माह्या बाबांनी अंजनगाव सुर्जीचा एक मुलगा पाहून ठेवला हाय. कृषी केंद्राचं दुकान हाय त्याचं. त्याच्याकडे गायच नाही, म्हणून त्याच्या गायले ताप येत नाही. बाबांच्या हिशेबानं तो पास हाय.

हे तुमाले काहून सांगून राहिली, तेही मोनालीताईले विचारा.

तुमी वेळेवर जेवता का? पत्रात कधी लिहत नाही.

आचल


वलगाव
रविवार, दि. ५ जानेवारी २०२५, दुपारी एक वाजता

आदरणीय आचल,

सप्रेम नमस्कार. हे लिहिताना मी चुलीजवळ बसून एक फार मोठं पातेलं ढवळत आहे. त्यात काय आहे ते पुढे येईल. आधी हरणी.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी तिने चारा सोडला. अंग तव्यासारखं, लघवी काळ्या चहासारखी. बाबा म्हणाले, नजर लागली. मी म्हटलं, गोचीड लागली. आमच्या घरात मी बाबांना उलट बोललो ती ही पहिली वेळ. वहिनींनी पोळपाट हातात घेऊन माझी बाजू घेतली. डॉक्टर आले, सुई दिली, सलाईन लावलं. दोन दिवस तिने मान वर केली नाही. मी तिच्याजवळ बसून होतो. तिसऱ्या दिवशी ती उठली आणि तिने माझ्या शर्टाची बाही खाल्ली. मला इतका आनंद झाला की मी दुसरीही बाही पुढे केली.

आता ठिकाण. भिंतीच्या भेगा मी मातीने लिंपल्या, गोवऱ्या हलवल्या, पोती जाळली. पिल्लं येतच राहिली. शेवटी एकच वस्तू उरली जिला आमच्या घरात कोणी हात लावत नाही.

तुमच्या वडिलांनी शेखरदादा आणि वहिनींच्या लग्नात आमच्या बैलांना दिलेली झूल. लाल मखमल, आरसे, कलाबतूची झालर. ती पोळ्याला बैलांवर चढते, पोळा झाला की घडी होते. धुवायची नाही, रंग जातो. रंग गेला की देणाऱ्याचा मान जातो. शेषरावजी कधीही आले तर दिसावी म्हणून बाबा ती गोठ्याच्या कोपऱ्यातच ठेवतात, हरणीच्या दावणीशेजारी.

मी घडी उलगडली तर मोहरी सांडल्यासारखं झालं. मोहरी चालत नाही, ही चालत होती.

मी तुम्हाला परवानगी विचारणारं पत्र लिहायला घेतलं होतं. मग हिशेब केला की पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत ती मोहरी हरणीवर चढेल. म्हणून झूल पातेल्यात आहे. पाणी उकळत आहे. पाणी लाल झालं आहे, झूल होत चालली आहे फिकी. आरसे तळाशी गेले आहेत. गोठ्यातल्या दोरीवर बाबांचं पांढरं धोतर वाळत होतं, सावधगिरी म्हणून तेही टाकलं. ते गुलाबी निघालं. बाबा चष्मा न लावता ते नेसून ग्रामपंचायतीत गेले आहेत.

पोळ्याला शेषरावजी येतील आणि झूल मागतील. गाय वाचली, पण ज्यांनी ती वाचवायची अट घातली त्यांचीच झूल मी उकळली. यातून मार्ग दिसत नाही.

जेवणाबद्दल विचारलंत, ते प्रकल्पासाठी हवं असेल असं धरून : सकाळी नऊ आणि रात्री आठ.

आपला,
विपुल


अकोला
१५ जानेवारी २०२५

विपुलजी,

आधी हे सांगा, पुंजारामजी ग्रामपंचायतीतून परत आले का?

झूल उकळली ते शंभर टक्के बरोबर केलं. पण माह्या बाबांना हे सांगू नका. ते झूल त्यांनी स्वतः बसून निवडली होती, तीन दुकानं फिरून. आईच्या साडीले त्यांनी इतका वेळ कधी दिला नाही. पोळ्याले विचारलं तं सांगा का उंदरानं खाल्ली. उंदीर काही नाही म्हणत नाही.

खोटं बोलता येते ना तुमाले? मले शंका हाय. आतापासून सराव करा.

संक्रांतीचा तिळगूळ पाठवून राहिली. बाटली तुमचीच हाय, पण तीनदा उकळलेली हाय, घाबरू नका. आपल्यात आता सारं उकळूनच चालते असं दिसते.

दर महिन्याच्या बाटल्या चालू ठेवा. प्रकल्प झाला तरी चालू ठेवा.

आचल

ता. क. जेवणाचा प्रकल्पाशी काही संबंध नाही. बह्याड हा तुमी.


वलगाव
शनिवार, दि. २३ ऑगस्ट २०२५, सकाळी आठ वाजून पाच मिनिटे

प्रिय आचल,

('प्रिय' हे शेवटचं पत्र असावं म्हणून लिहिलं आहे. यापुढे त्रास देणार नाही.)

हे लिहिताना मी रिकाम्या गोठ्यात बसून हात धुतले की नाही हे आठवत आहे. शेषरावजी आत्ताच सकाळच्या गाडीने हिवरखेडला निघाले. तुम्ही घरीच आहात, तेव्हा त्यांच्या तोंडून ऐकालच. पण माझ्या तोंडूनही असावं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीच्या संध्याकाळी ते आले. आम्ही बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळली, बाबांनी बैलांच्या कानात रीतीप्रमाणे सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." शेषरावजींनी हरणीकडे अजून पाहिलंच नव्हतं. आधी म्हणाले, "माही झूल काढा. पाहू दे."

मी सात महिने सराव केला होता. म्हणालो, "उंदराने खाल्ली." ते म्हणाले, "सारी?" मी म्हणालो, "सारी नाही. म्हणजे खाल्लीच नाही. मी उकळली."

"उकळली? अरे झूल होती का पालक होता तो?"

बाबा म्हणाले, "मी तवाच म्हणत होतो." ते तेव्हा असं काही म्हणाले नव्हते, ते गुलाबी धोतर नेसून ग्रामपंचायतीत होते. मी ती झूल आणून दाखवली. रंग आता धुवट फरशीसारखा आहे. शेषरावजींनी ती हातात घेतली, झालर चाचपली आणि ओट्यावर जाऊन आमच्याकडे पाठ करून बसले. दुसऱ्या दिवशी बैल वहिनींच्या मोराच्या चादरी पांघरून पोळ्यात उभे राहणार होते, हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही.

मग ते मान खाजवू लागले. खाजवत राहिले. मी टॉर्च मारला. कानामागे, तुम्ही हरणीच्या जिथे पाहायला सांगितलं होतं नेमकी तिथे, एक टपोरी गोचीड होती.

ते म्हणाले, "बिडी आण, चटका दे." मी म्हणालो, "नाही." म्हणाले, "रॉकेल आण." मी म्हणालो, "नाही. हलू नका." मी त्यांना 'हलू नका' असं म्हणालो, आचल. खिशात चिमटा होताच. कातडीजवळ धरली, सरळ ओढली. ते इतक्या मोठ्याने ओरडले की बैलांनी कान टवकारले. मी त्यांची मान साबणाने धुतली. मग सवयीने बाटलीवर चिठ्ठी चिकटवली : 'शेषरावजी, डावा कान'. आठ पाय होते, मोजले; पिल्लाला सहाच असतात, हेही त्यांना सांगितलं. ताप आला तर लगेच डॉक्टरांकडे जा आणि गोचीड चावली हे आधी सांगा, हेही बजावलं.

तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण ते म्हणाले, "तुमच्याच गोठ्यातली असन." आणि मी खरं ते बोललो : "नाही, आमच्याकडे जूनपासून एकही नाही. तुम्ही सकाळी तुमचे बैल धुऊन आलात. ही हिवरखेडची आहे."

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्या चहासकट परत गेल्या.

शेवटी ते उठले आणि हरणीपाशी गेले. कान पाहिले, गळ्याखालची पोळी पाहिली, शेपटीखाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिने त्यांच्या उपरण्याचं टोक खाल्लं. ते एवढंच म्हणाले, "तशी झूल आता कितीले येते, माहीत हाय ना?"

पोळ्याच्या दिवशी त्यांनी चादरींकडे पाहिलं नाही. आज पहाटे पोट्टे पळसाच्या फांद्या घेऊन "रोगराई, गोचीड, गोमाशी घेऊन जाय गे मारबत" असं ओरडत शिवेकडे निघाले, तर शेषरावजी त्यांच्यात घुसून सगळ्यांत मोठ्याने ओरडत होते. फक्त 'गोचीड' एवढंच. मला वाटतं, त्यांचा रोख माझ्यावर होता.

झुलीचे पैसे देईन. अंजनगावचा मुलगा चांगला असेल. तुमच्या वडिलांची गोचीड सोबत पाठवत आहे.

आपला,
विपुल


हिवरखेड, ता. तेल्हारा
२५ ऑगस्ट २०२५

विपुलजी,

बाटली अजून आली नाही, पण पत्र आलं. बाटली आली की मी जपून ठेवणार हाय. बापाची गोचीड कोणत्या पोरीले भेटते?

आता इकडचं ऐका. बाबा घरी आले, चप्पल काढायच्या आधी सदरा काढला. आईले म्हणे, "टॉर्च आण, माही पाठ पाहा." मग भावाची पाठ पाहिली. मग शेजारच्यांची पाहाले निघाले, आईनं दार लावलं. दुसऱ्या दिवशी आमच्या दोन्ही झुली चुलीवर! बाबा स्वतः काठीनं ढवळून राहिले अन् आईले सांगून राहिले, "पिल्लाले सहाच पाय असतात, तुले माहीत हाय का?" हे मी त्यांना दोन वर्षांपासून सांगून राहिली. आता तं तुमी सांगतलं म्हणून खरं झालं! आईची पांढरी चादर चुकून आत गेली. आमच्याकडेही आता गुलाबी हाय.

रात्री जेवताना म्हणे, "पोट्टा खोटं बोलाले उभा राह्यला अन् दोन शब्दांत पडला. अशा माणसापासून पोरीले धोका नाही." मग म्हणे, "अन् हात हलका हाय त्याचा." मी विचारलं, मंग ओरडले काहून? तं आईले म्हणे, भाजी वाढ.

अंजनगाववाल्याले त्यांनी फोन करून नाही म्हणून सांगतलं. वर गोचिडीचं औषध कितीले देतो तेही विचारून घेतलं.

त्यांनी मले सांगतलं, रीतसर लिहून पाठव. तं लिहते. बैलाच्या कानात सांगतात तेच सांगते, कारण तुमाले बाकी कोणती भाषा समजत नाही :

आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.

आचल


एस.टी.त, अंजनगाव सुर्जीच्या पुढे
सोमवार, दि. १ सप्टेंबर २०२५, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटे

प्रिय आचल,

(हे 'प्रिय' आता शेवटचं नाही.)

गाडी खड्ड्यांतून चालली आहे, म्हणून सगळ्याच ओळी वाकड्या आहेत.

तुमचं पत्र पंचवीस तारखेचं. म्हणजे 'उद्या' सव्वीस तारीख झाली. मध्ये गणपतीची सुट्टी आली आणि पत्र मला आज सकाळी मिळालं. तुम्ही सगळे सव्वीस तारखेपासून ताट वाढून बसला असाल, असं मी वहिनींना म्हणालो. वहिनी म्हणाल्या, "अहो भाऊजी, तशी बोलायची पद्धत असते, कोणी ताट घेऊन बसलं नसन." पण त्या हसत होत्या, आणि त्यांच्या हसण्यावर विसंबून मी एकदा फसलो आहे. म्हणून पहिली गाडी पकडली. बाबा म्हणाले, "थांब, मीही येतो," पण त्यांना धोतर सापडेना.

वाटेत ते कृषी केंद्र दिसलं. पाटी चांगली आहे. आता अकोटला उतरून झूल घेईन. हे पत्र टपालात टाकणार नाही, हातात देईन, म्हणजे पुन्हा तारीख चुकणार नाही. हरणी वहिनींवर सोपवली आहे. चिमटा खिशात आहे. शेषरावजींचा उजवा कान पाहायचा राहिला होता.

जेवण गार झालं असेल तर गरम करत बसू नका.

नोव्हेंबरपासूनचा हिशेब :

चिमटा ४५ रुपये, स्पिरिट व बाटल्या २१०, टपाल ३८०. एकूण ६३५, कॉलेजकडून येणे.
हरणीचे डॉक्टर, सुई व सलाईन : १,१५० रुपये, मी दिले, कोणाकडून येणे नाही.
बेबीताईंना शाल धुण्याचे : ६० रुपये, देणे.
बाबांना नवं धोतर : ५५० रुपये, देणे.
शेषरावजींना झूल एक, लाल, आरशांची, धुता येणारी : अंदाजे ३,००० रुपये. खिशात २,२००, तेवढे आज देईन. देणे ८००.
तुमच्याकडून येणे : एक जेवण, सहा दिवस उशिराचं.

आपला,
विपुल